उपासनी सरांच्या खिशातला गोळा

आमच्या कॉलेजात गुरुत्वाकर्षण उपासनी सरांच्या परवानगीने चालायचं. एफ.वाय.च्या प्रॅक्टिकलला लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचं उत्तर पुस्तकातल्यासारखं ९८० आलं तरच ते जर्नलवर सही करत, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे. त्यामुळे सगळ्या वर्गाचं उत्तर ९८०च यायचं, गेल्या वर्षीच्या जर्नलमधून.

शलाका बोंद्रेने मात्र खरोखरच लोलक हलवून वेळ मोजला. तिचं उत्तर आलं ९४३.

"हे काय आहे?" सर तिच्या टेबलापाशी येऊन कडाडले. दोऱ्याचा पितळी गोळा सोडवून त्यांनी तिच्या नाकासमोर नाचवला. "यात काही दोष आहे का? दोष तुझ्यात आहे! पुन्हा रीडिंग घे. ९८० येईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

बोलता बोलता गोळा ॲप्रनच्या खिशात टाकून ते खुर्चीत जाऊन बसले. अख्ख्या प्रयोगशाळेत लोलक तेवढा एकच.

वीस मिनिटांनी शलाका जर्नलमध्ये नवं पान भरून सरांकडे गेली. पाच रीडिंग, त्यांची सरासरी, उत्तर ९८०.

सरांनी लाल पेनाने झोकात सही ठोकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलंस? मन लावून प्रयोग केला की बरोबर उत्तर येतं!"

"हो सर," शलाका म्हणाली. "आता तेवढा गोळा द्या. तुमच्या खिशात आहे. प्रयोग करायचा राहिलाय."

सरांचा हात खिशात गेला आणि गोळ्याला लागला. मग त्यांनी एक पान मागे उलटलं आणि ९४३च्या खालीही सही केली.