सात दारांची गौर

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता आणि त्याला कोमेजणाऱ्या गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता. एके दिवशी हेमांगद नावाचा जादूगार त्याच्या दरबारी आला आणि सोन्याची शंभर फुलझाडे देऊन गेला. जाताना म्हणाला, "राजा, ही कधी सुकणार नाहीत. अट एकच. तुझ्या राज्यात कोणाच्या दारी रानफूल फुलू देऊ नकोस. रानफुलाचा मध चाखलेली माशी या बागेत आली, की माझ्या सोन्याची राख होईल." राजाने लगेच मान डोलावली. फुकट मिळालेल्या सोन्यापुढे अट कोण तोलून पाहतो?

मग दवंडी पिटली गेली. अंगणातला तेरडा, बांधावरची सोनकी, कुंपणाकडेचा कुर्डू, जे आपसूक उगवेल ते उपटायचे. हे काम गोजराबाईकडे आले. ती राजाच्या खुरपणाऱ्या बायकांची म्होरकी होती आणि तिच्या खुरप्यातून गवताचे पातेही सुटत नसे. ती घरोघर अंगणे तपासी. जिच्या दारी कोंब दिसे तिला चारचौघींत बोल लावी. सात वर्षांत राज्याची अंगणे लख्ख झाली.

आणि मधमाश्या उपाशी मेल्या. भोपळ्याच्या वेलाला फूल येई आणि गळून पडे. काकडी धरेना, आंब्याचा मोहर झडून जाई. उरल्यासुरल्या माश्या भुलून सोन्याच्या फुलांवर बसल्या आणि बसल्या जागी सोन्याचे मणी झाल्या. गोजराचा नवरा राऊजी राजाची मोहोळे राखत असे. त्याला ते बघवेना. पाकळीवर तडफडणारी एक माशी त्याने बोटाने उचलली, तसे ते बोट सोन्याचे झाले. मग पंजा, मग मनगट. वैद्याने नाडी पाहिली आणि तो म्हणाला, "बाई, सोनं वर चढतंय. गौरी परत जातील त्या दिवशी ते काळजाला भिडेल."

गोजरा ओसरीवर बसून रडत होती, तेव्हा वाशावर एक शिंजीर येऊन बसला. हा अंगठ्याएवढा निळाकाळा पक्षी फुलांतल्या मधावर जगतो.

"रडून सोनं उतरत नाही, गोजराबाई," तो म्हणाला. "तीन कामं कर. तुझं खुरपं जिथे पोचलं नाही तिथून तीन फुलांचं बी आण. ते आपल्या दारी पेर आणि फुलेपर्यंत उपटू नकोस. तिसरं काम अवघड आहे. वनापासून तुझ्या दारापर्यंत सात घरं आहेत आणि तुझ्या दारापलीकडे राजाची बाग. भुकेल्या माशीला एवढा पल्ला झेपत नाही. सातही दारी फूल हवं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुझ्या घरी सोन्याचा नवरा असेल," शिंजीर म्हणाला आणि उडून गेला.

गोजरा निघाली. किल्ल्याच्या तटाला भेग होती, तिथे नाग राहत असे. त्याला नमस्कार करून तिने भेगेतले तेरड्याचे बी उचलले. कड्याच्या टोकावर वाऱ्याने सोनकी जपली होती. वारा म्हणाला, "उलटी पडशील," ती म्हणाली, "पडेन," आणि घेऊन आली. कुर्डूचे बी वारुळात होते. मुंग्यांनी ते दाणा दाणा करून तिच्या पदरात घातले. पहिले काम झाले.

मृगावर तिने बी पेरले आणि खुरपे आढ्याला बांधून टाकले. तरी सवय जाते कुठे? एका सकाळी अंगणात राऊजीला पेज भरवता भरवता तिने हाताशी उगवलेले सोनकीचे तीन कोंब उपटले, आणि उपटल्याचे तिला मुठीत पाहिल्यावर कळले. त्या दिवसापासून अंगणात जाताना ती हात पदरात गुंडाळून घेई. रोपे गुडघ्याएवढी झाली, तेरड्याला कळ्या धरल्या. पण सात दारे काही तिच्याने चढवेनात. ज्या बायकांना सात वर्षे कोंबासाठी घालून पाडून बोलली, त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने पदर पसरायचा? आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता भाद्रपद आला आणि राऊजीची वाचा गेली. सोने गळ्याशी आले होते.

गौरी यायच्या आदल्या दिवशी गोजरा वाड्यावर हजेरीला गेली. तेवढ्यात त्या सात घरच्या बाया तिच्या दारी आल्या. अंगणात रान माजलेले पाहून त्यांना भडभडून आले. थोरली जनकाबाई म्हणाली, "बिचारीचा धनी असा पडलाय, तिला अंगणाची शुद्ध कुठली? उद्या गौर यायची. चला गं, हात लावू."

सातजणींनी तण म्हणून सगळे उपटले, शेणाने सारवले, वर रांगोळी घातली.

गोजरा परतली. तिने ते स्वच्छ अंगण पाहिले आणि दारातच थांबलेल्या सातजणींना उंबऱ्याशी बसवले. मग तिने काहीच लपवले नाही. शिंजीर काय बोलला, तिची लाज कशी आड आली, सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "तुमचा दोष नाही गं, बायांनो. उपटायला मीच शिकवलं तुम्हाला."

जनकाबाई उकिरड्याकडे गेली. ढिगातून तेरड्याचे एक रोप तिने उचलले. मुळे अजून ओली होती.

"माझ्या आजेसासूच्या वेळी गौर तेरड्याचीच आणत," ती म्हणाली. "मुळांसकट. राजाने पितळेचे मुखवटे दिले तेव्हापासून मोडलं ते. उद्या माझ्या दारी हीच गौर बसेल. बघू कोण उपटतं."

प्रत्येकीने ओंजळभर रोपे नेली, एक ओंजळ गोजराच्या दारी राहिली. ओल्या मातीत मुळे रोवून, हळदकुंकू वाहून आठ दारी गौर बसली. दुसऱ्या दिवशी शिपाई आले. जनकाबाई दारात उभी राहिली. "ही गौर आहे. हिंमत असेल तर लाव हात." शिपायांनाही घरी आया होत्या. ते पागोटी सावरत माघारी गेले.

तिसऱ्या दिवशी, गौरी बोळवायच्या वेळी, आठही दारी तेरडा फुलला. वनातून माश्या आल्या. एका दारी मध प्यायल्या, दुसऱ्या दारी थांबल्या, आठ दारे ओलांडून राजाच्या बागेत शिरल्या, आणि शंभर झाडांची राख झाली. वाऱ्याने ती उडवून नेली. हेमांगद पुन्हा कधी कोणाला दिसला नाही.

राजा अनवाणी गोजराच्या दारी आला. "बाई, माझं चुकलं."

"महाराज, हुकूम तुमचा होता, हात माझा होता," गोजरा म्हणाली.

राजाने तिथेच नवा हुकूम दिला: प्रत्येक दारी हातभर जमीन रानफुलांना सोडायची, तिथे खुरपे लावायचे नाही. त्या साली कोणी गौर नदीत सोडली नाही. ती अंगणातच रुजली, आणि पुढच्या हंगामात वेलांना भोपळे धरले.

पण राजा हुकूम देत होता तेव्हा गोजराचे तिकडे लक्षच नव्हते. तिचे डोळे राऊजीवर खिळले होते. सोने गळ्यावरून उतरले, खांद्यावरून, मनगटावरून उतरले.

"गोजरे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ही गुणगुण कसली?"

"तुमच्या माश्या आल्यात," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना.

राऊजीने हात पुढे केला. एक माशी त्या बोटावर बसली, पायांवरचे पराग झटकत घटकाभर रेंगाळली, मग तेरड्याकडे उडून गेली. बोट हाडामांसाचेच राहिले.