दाजीबाची ढाबळ

एका गावात दाजीबा नावाचा एक सणगर होता. घोंगड्या विणणारं त्याचं घर मोडलं, आणि ते त्यानंच मोडलं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या गावातली पिकली डोकी अजूनही सुनेकडे बोट दाखवतात. पिकलेलं सगळंच गोड नसतं. काही फळं नुसती सडतात.

घर चार माणसांचं. दाजीबाची बायको ठकूबाई लोकर पिंजायची. सून तानू चरख्यावर सूत काढायची. त्या सुताला चिंचोक्याची खळ लावायचं काम दाजीबाचं. मग मुलगा सुबराव मागावर बसून घोंगडी विणायचा. चौघांतला एक हात थांबला की चौघांची चूल थांबायची. कमाई बेताचीच. दुसऱ्यांना पांघरूण विणणाऱ्या त्या घराचं स्वतःचं अंथरूण फार आखूड होतं.

पण आखूड अंथरुणावरही माणूस कूस बदलतोच. ठकूबाईला बाजाराच्या दिवशी मूठभर बत्तासे लागायचे. तानूला दुपारी गुळाचा, आलं घातलेला चहा लागायचा. तो पोटात गेला की तिचा चरखा दिवस मावळेपर्यंत गुणगुणत राहायचा. सुबराव बाजारातून लाल रंगाची पुडी आणायचा आणि काळ्या घोंगडीच्या दोन्ही काठांना एक बारीक लाल रेघ विणायचा. त्या रेघेचे गिऱ्हाईक वेगळे पैसे देत नव्हतं. सुबरावला ती आवडायची, एवढंच.

आणि दाजीबा? त्याच्या छपरावर कबुतरांची ढाबळ होती. देवळाच्या वळचणीला बसतात ती पारवी नव्हेत. हे गिरेबाज. आभाळात ठिपका होईपर्यंत चढायचे आणि कोलांट्या खात खाली यायचे. त्यांना बदाम लागायचे. बदाम तुपात घोळवावे लागायचे. थंडीत वर मिरपूड. पायांत पितळी घुंगरं, तीही दर दिवाळीला नवी. तानूच्या पायांतली जोडवी लग्नातली होती आणि झिजून दोऱ्याएवढी झाली होती.

पण ही हौस आहे, असं दाजीबाला कधी वाटलंच नाही. "ही आपल्या घराण्याची रीत हाय," तो म्हणायचा. त्याच्या बापानं कधीकाळी एक जोडी पाळली होती, तीही ज्वारीच्या दाण्यावर. तेवढ्यावर रीत झाली. थोरामोठ्यांचं असंच असतं. पोरांनी केली तर चैन, आपण केली तर परंपरा.

एका वर्षी मेंढरांत रोग पसरला आणि लोकर महागली. वर्षाची लोकर एकदाच भरून ठेवायची, त्यावर बारा महिने काढायचे, ही सणगरांची पद्धत. लोकरीच्या पैशाचं गाडगं आढ्याला टांगलेलं असायचं. ते भरेना. तेव्हा दाजीबाला प्रश्न पडला, घरातलं जातं तरी कुठं?

प्रश्न खरा होता आणि उत्तर शोधायला तो मनापासून लागला. मुंग्या कुठून येतात ते बघत माणूस भिंतीला नाक लावून फिरतो, तसा तो घरभर फिरला. डबे हुंगले. चहाचा चोथा तळहातावर घेऊन बोटानं पसरला. लाल रंगाची पुडी उघडून नखानं खरवडली. बत्तासा जिभेवर ठेवला, "ह्यात हाय तरी काय एवढं?" असं म्हणत तो विरघळू दिला, मग नीट कळावं म्हणून दुसराही ठेवला. सगळीकडं पाहिलं. वर छपरावर तेवढं पाहिलं नाही.

मग त्यानं निकाल दिला. "चहा बंद. बत्तासे बंद. लाल रेघ बंद."

तानू म्हणाली, "आन् बदाम, मामंजी?"

"ते मुक्या जिवाचं खाणं हाय."

"मुकं तर आमीबी हाय की. आजवर कवा तोंड उघडलं?"

ठकूबाई पदराआड हसली. दाजीबा रागानं छपरावर चढला.

तानू भांडखोर नव्हती. तिला एक गोष्ट खरंच जाणून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी ती दाण्यांचं सूप घेऊन छपरावर गेली आणि म्हणाली, "मामंजी, हितं बसून तुमाला नेमकं काय आवडतं? लई कबुतरं हायत ते, का ती उडत्यात ते?"

हे दाजीबाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. त्यानं वर चढणाऱ्या एका कबुतराकडं बोट केलं.

"वरनं कोलांटी मारतं न्हवं, तवा माझ्या पोटात गोळा येतो," तो म्हणाला. "पडतंय का काय, असं वाटतं. आन् मग पडत न्हाई. तेवढंच बघ."

"मग चार कबुतरांनी गोळा येत न्हाई व्हय?"

तानूनं मग आपलं म्हणणं मांडलं. चार कबुतरं ठेवायची, ज्वारीवर. बाकीची विकून ते पैसे गाडग्यात टाकायचे. चहा रोज नको, बाजाराच्या दिवशी. बत्तासे मूठभर नकोत, एक. लाल रेघ दोन काठांना नको, एका काठाला. "कुणाचंच सगळं जायला नको. सगळ्यांचं थोडं थोडं जाऊ द्या."

दाजीबा खाली उतरला. सणगराच्या घरात माग म्हणजे देव. त्यानं मागाला हात लावून कबूल केलं, "चार ठेवतो. बाकीची विकतो."

इथंच गोष्ट संपली असती. पण गावात नाना खराडे होता. मानाचा म्हातारा. रोज दिवस कलताना छपरावर यायचा, डोळे आभाळात आणि हात बदामाच्या वाटीत. वाटीतले निम्मे बदाम कबुतरं खायची, निम्मे नाना खायचा. ढाबळ रिकामी होणार म्हटल्यावर त्याला गावाची अब्रू आठवली.

"दाजीबा, सुनंनं सासऱ्याची ढाबळ इकायला लावली, असं गाव म्हणंल."

"मग काय करू, नाना? मागाला हात लावलाय."

"माझा माळा मोकळाच हाय की. ठेव तिथं. इकली म्हणून सांग. कोण बघतंय?" नानानं थोडं थांबून विचारलं, "बदल्यात एक घोंगडी द्यायला काय हरकत हाय?"

दाजीबानं कबुतरं पाट्यांत भरली, बाजाराची वाट धरली आणि कोपऱ्यावरून नानाच्या माळ्याकडं वळला. घरी येऊन सांगितलं, "गिऱ्हाईक चांगलं हाय. पैसे सुगीत देणार हाय." आणि तयार घोंगड्यांच्या थप्पीतून एक अलगद उचलली. ती जुन्या विणीची होती, दोन्ही काठांना लाल रेघ असलेली.

चार दिवसांत सुबरावच्या लक्षात आलं. "आबा, एक घोंगडी कमी दिसतीया."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दाजीबा म्हणाला, "रंगाचा नाद मला न्हाई, तुला हाय. रंगाच्या पुडीपायी तूच इकली असशील."

सुबराव मागावर जाऊन बसला. त्या दिवसापासून त्यानं एका काठाची रेघही सोडून दिली.

बाकीच्यांनी शब्द पाळला. सुरुवातीला तानूचं डोकं दुखायचं. दुपारी ती कपाळाला फडकं बांधून चरख्याशी बसायची आणि सुतात गाठी यायच्या. मग सवय झाली. आठवड्यानं मिळालेला चहा जिभेवर जास्त वेळ राहतो, हे तिला नव्यानं कळलं. "आत्याबाई, आल्याला एवढा वास असतो हे मला रोज पिऊन कवा कळलंच न्हवतं," ती म्हणायची. ठकूबाई आपला एक बत्तासा चावत नव्हती. गालात धरून घरी येईपर्यंत पुरवायची आणि त्या नादात वाटेत कुणाशी बोलायची नाही, त्यामुळं गावात तिचा मान वाढला.

दाजीबाच्या छपरावरची चार कबुतरं ज्वारीवर होती. तीही तशीच चढायची, तशीच कोलांटी मारायची. दाजीबाच्या पोटात तसाच गोळा यायचा. हे त्याला कळत होतं आणि त्याचाच त्याला संताप यायचा. रोज दुपारी "चावडीवर जातो" म्हणून तो नानाच्या माळ्यावर जायचा. सोबत बदाम. ते गाडग्यातल्या पैशांचे.

पण बंद माळ्यातली कबुतरं म्हणजे काही कबुतरं नव्हेत. कोपऱ्यात बसून घुमणारे गोळे ते. कबुतरवाल्याला उडताना बघायची तहान लागते. शिवाय दाजीबाला एक कुतूहल छळू लागलं. गिरेबाज आपलं छप्पर विसरत नाही, हे तो सगळ्यांना छाती फुगवून सांगत आला होता. लांबच्या जत्रेत सोडलेलं कबूतर आपल्या आधी घरी पोचतं, हे त्यानं स्वतः पाहिलेलं. पण इतके दिवस दुप्पट तूप, दुप्पट बदाम खाऊनही घराची ओढ तशीच राहते का?

नाना म्हणाला, "आता ही माझ्या छपराची झाली. ज्याचं खाल्लं त्याची."

"बघू या?" दाजीबा म्हणाला. त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. त्यानं माळ्याचं दार उघडलं.

कबुतरं फडफडत बाहेर पडली. नानाच्या छपरावर त्यांनी एक गिरकी घेतली. मग चढली. ठिपके झाली. एकेकानं कोलांटी मारली, आणि दाजीबाच्या पोटात असा गोळा आला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात ठिपके सरळ रेषेत निघाले. नेमके कुठं, हे दाजीबाला बघावं लागलं नाही.

तो बाजाराचा दिवस होता. तानूनं चहा उतरवला होता. आधी घुंगरं वाजली. ती कप हातात घेऊन अंगणात आली. सुबराव मागावरून उठला. विकलेली कबुतरं छपरावर उतरत होती. एकामागून एक, सगळी, गुबगुबीत आणि तुकतुकीत.

ठकूबाई वर बघून म्हणाली, "गिऱ्हाइकानं लई चांगली पोसली गं."

कबुतरांच्या मागोमाग धापा टाकत नाना आला. आता ती आपलीच झाली, असं त्याला वाटू लागलं होतं. भर उन्हात मिरवायला त्यानं खांद्यावर घोंगडी टाकली होती. दोन्ही काठांना लाल रेघ. नानाच्या मागं दाजीबा.

सुबरावनं घोंगडीचा काठ चिमटीत धरला आणि उलटसुलट करून पाहिला. "माझीच हाय," तो म्हणाला.

नाना खाकरला. "अरं, बापाचं घर, बापाची घोंगडी. ह्यात चोरी कसली?"

"चोरी कोण म्हणतंय, नाना?" तानू म्हणाली. "मामंजींनी मागाला हात लावला व्हता, एवढंच मी म्हणती."

दाजीबाला आता ओरडण्यावाचून काही सुचेना. "कर्ता मी हाय! मला इचारणारी तू कोण?"

"सूत काढणारी."

मग सुबराव बोलला. आवाज न चढवता. त्यालाही खरंच जाणून घ्यायचं होतं. "आबा, एकबी कबूतर इकणार न्हाई म्हणला असता, तरी मी गप बसलो असतो. पर माझ्यावर आळ का घातला?"

दाजीबानं छपराकडं पाहिलं. थोरांनी उत्तर द्यायचं नसतं, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यानं दिलं नाही. एकदा "चुकलं" म्हटलं असतं तर माणसं थांबली असती. तेवढं एक सोडून त्याला सगळं म्हणता येत होतं.

ठकूबाईनं आढ्याचं गाडगं उतरवलं आणि कानाशी हलवून पाहिलं. ते वाजलं नाही. लोकरीचा हंगाम तोंडावर आला होता. तिनं कोपऱ्यातली आपली पिंजण उचलली.

तानूनं चरखा उचलला. सुबरावला माग नेता येईना, कारण माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. तो मोकळ्या हातांनी निघाला. तिघं नदीपलीकडच्या गावात गेली. तिथल्या सणगरांना हात कमी पडत होते. काही दिवसांनी त्या बाजूच्या बाजारात लाल रेघेच्या घोंगड्या दिसू लागल्या. दोन्ही काठांना नाही, एकाच काठाला. तानू अजूनही आठवड्यातून एकदाच चहा करते म्हणतात.

इकडे नाना आणि बाकीचे म्हातारे छपरावर जमले. "सुनंनं घर फोडलं," ते म्हणाले. बदाम संपेपर्यंत म्हणत राहिले. संपल्यावर यायचे बंद झाले.

दाजीबाला खळ तेवढी शिजवता येत होती. लावायला सूत नव्हतं. त्याच्याकडं कबुतरं राहिली. बायको, मुलगा, सून आणि धंदा गेला.

तात्पर्य: अंथरूण आखूड पडलं की प्रत्येकानं आपापल्या हौसेतलं थोडं सोडावं; जो दुसऱ्याची चिमूट बंद करून आपली ओंजळ लपवतो, त्याच्या घरात वाटून घ्यायला कुणी उरत नाही.