चमचाभर एरंडेल

हे बाहेर कुठे बोलायचं नाही, असं वैजूताईने मला बजावलं होतं. म्हणून बोलत नाही, लिहिते.

“एरंडेल पाजू की नको, अक्का? तेवढंच सांगा.”

वैजूताईच्या हातात भरलेला चमचा होता. सोनाक्का चाळीस वर्षं आमच्या गल्लीतल्या बाळांना न्हाऊ घालतात. वैजूताई त्यांच्या हाताखाली शिकली. माझ्या बहिणीचं बाळ हे तिने एकटीने घेतलेलं पहिलंच काम. बाळ दोन महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं, आणि चार दिवस शी नाही.

“उद्यापर्यंत झाली नाही तर दुसरी बाई बघते,” असं आई सकाळी तिला सुनावून गेली होती.

सोनाक्कांनी बाळाच्या पोटावर तळवा ठेवला...

“पोट मऊ आहे. पितो का?”

“दणकून.”

“ताप? उलटी?”

“नाही.”

“ओले लंगोट किती?”

वैजूताईने वही काढली. त्या वहीचा तिला फार अभिमान. “शू नाही लिहीत मी. फक्त शी. ही बघा, चार पानं कोरी!”

सोनाक्कांनी वहीकडे पाहिलंच नाही. अंगणातल्या दोरीकडे बोट केलं. तिथे कालपासूनचे नऊ लंगोट वाळत होते.

“ती वाच.”

“पण आत अडकलं असेल तर?”

“पोट दगडासारखं असतं, दूध नको म्हणाला असता, तर मीच त्याला उचलून दवाखाना गाठला असता.”

मग त्यांनी चमचा घेतला आणि सगळं एरंडेल आपल्या भेगाळलेल्या टाचेवर ओतलं.

“हिला हवं होतं.”

मला हसू आलं. वैजूताईला नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी बाळाने वैजूताईच्या पसरलेल्या पायांवरच कार्यक्रम उरकला. पिवळी, मऊ, भरपूर! तिने अशी आरोळी ठोकली की आई हातातलं लाटणं घेऊन धावत आली.

“काय दिलंस गं शेवटी?”

वैजूताईने दारात बसलेल्या सोनाक्कांकडे पाहिलं...

“काही नाही, काकू.”

“मग केलंस काय?”

“तेच,” सोनाक्का म्हणाल्या. “मला ते शिकायला वीस वर्षं लागली.”

आज दोघी पुन्हा आल्या आहेत. मला वाटतं, त्या दिवशी सोनाक्कांना असं म्हणायचं होतं, की बाळाच्या बाबतीत आपण... थांबा, त्याच हाका मारतायत.

“ओ मावशीबाई, वही मिटा! आधी कोरडा लंगोट आणा!”