जोमाचा दगड रुमाल का नेसतो

हसून झालं असेल तर सांगतो. मघाशी तुमच्यातल्या एकानं माझा फोटो काढला आणि दुसरा म्हणाला, बाबा स्कर्ट घालून फिरतात. हा रुमाल आहे. चौकड्यांचा, कमरेला गुंडाळायचा, गुडघ्याच्या वर संपणारा. बांधाच्या तोंडाशी तो उभा दगड दिसतो ना, त्यालाही हाच नेसवलाय. का, ते ऐका.

हा बांध खाडीचं खारं पाणी आमच्या भातशेतीत शिरू देत नाही. असं सांगतात, फार पूर्वी याची राखण जोमा नावाचा गडी करायचा. कुठे भोक पडलं की चिखलात उतरून बुजवायचं, हे त्याचं काम. तेव्हा सगळा गाव रुमालातच वावरायचा. मग खोतानं बांधाला लागून माडी बांधली आणि त्याच्या पाहुण्यांना आमचे गुडघे खुपायला लागले. त्यानं फर्मान काढलं, यापुढे घोट्यापर्यंत धोतर नेसूनच बांधावर यायचं, वर खोचायचंही नाही.

खोताचा मला राग नाही, तो खोतासारखाच वागला. राग येतो तो आपल्या माणसांचा. निम्मा गाव म्हणाला, बरंच झालं, चार लोकांत मान मिळेल. निम्मा नुसता कुरकुरला. एकटा जोमा रुमाल सोडीना. तेव्हा पंचांनी त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायची धमकी दिली. जोमानं धोतर नेसलं, पण संतापाच्या भरात देवीपुढे शपथ घेतली, "आता गाव सांगल तवाच गुडघा उघडा करीन."

पुढच्याच अमावास्येला, म्हणे, भर दुपारी मोठं उधाण आलं आणि बांधाला भगदाड पडलं. सगळे धावले, सगळे धोतरात. माडीवर खोत उभा. जोमानं पंचांकडे बघून विचारलं, "गाव सांगतंय का?" पंचांनी माडीकडे पाहिलं. त्यानं तीनदा विचारलं. कुणी तोंड उघडलं नाही.

जोमा तसाच उतरला. ओलं धोतर पायांना आवळलं, पाय चिखलातून सुटेनात. पाणी डोक्यावरून गेलं.

मग त्याची बायको धर्मी कोयता घेऊन आली. ती रडली नाही म्हणतात. तिनं पहिल्या पंचाचं धोतर धरलं आणि गुडघ्यावर कापलं. "आता कोनाला लाजता? तो गेला." बाकीच्यांनी आपापली फाडली, खाली उतरले आणि बांध वाचवला. जोमा सापडला तिथे तो दगड उभा केला आणि त्याला रुमाल नेसवला.

माझा नातू म्हणतो, आजोबा, रुमाल बांधाच्या डागडुजीच्या दिवसापुरता ठेवा, एरवी पँट घाला, लोक हसतात. हसू देत. तो पहिला पंच आमच्याच घरातला होता. म्हणून मी रोज नेसतो.

आजही पावसाळ्याआधी बांधाची डागडुजी होते, तेव्हा नोकरीवाले, पँटवाले सगळे रुमाल नेसून इथे जमतात. एक जण चिखलाच्या कडेला थांबून विचारतो, "गाव सांगतंय का?" बायामुलांसकट सगळा गाव ओरडतो, "सांगतंय." माझा नातूही ओरडतो. मी तर घसा बसेपर्यंत ओरडतो. जोमाला मात्र हे तेव्हा ऐकू यायला हवं होतं.