निखाऱ्यांची टोपली

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात एक कोल्हा होता. मुलांनो, कोल्हा म्हटले की तुम्हाला लगेच लबाडी आठवेल. पण हा तसा नव्हता. बोलणे गोड, वागणे नीटनेटके, आणि भांडण कुणाचेही असो, दोन्ही बाजू ऐकून घेण्याची त्याची रीत. म्हणूनच सगळ्या प्राण्यांनी एकमताने त्याला रानाचा पंच केले होते. सामाईक कोठारातले धान्य कोणत्या कामाला लावायचे, हे तोच ठरवी.

त्या रानात थंडी मोठी कडक पडे. ऊब मिळावी म्हणून लांडग्याने कोळशाची भट्टी घातली होती. तो उतारावरची झाडे तोडी, कोळसा पाडी आणि घरोघर निखारे पोचवी. त्याबद्दल त्याला कोठारातून धान्य मिळे. पण वर्षागणिक उतार उघडा पडत चालला. धुराने मधमाश्या पोळी सोडून गेल्या. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली.

एकदा सभेत म्हातारी साळू अंगावरचे काटे सावरत उभी राहिली. ती म्हणाली, "पलीकडच्या अंगाला काळा कातळ आहे ना, तो दिवसभर ऊन पितो आणि पहाटेपर्यंत गरम राहतो. त्याला टेकून जाड दगडी भिंतींचं मोठं घर बांधू या. सगळं रान त्यात मावेल. ना धूर, ना कुऱ्हाड. फक्त एका वर्षाचं कोठारातलं धान्य खणणाऱ्यांना आणि दगड वाहणाऱ्यांना द्यावं लागेल. पुढं जन्मभर ऊब फुकट!"

प्राण्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या नजरा कोल्ह्याकडे वळल्या. कोल्ह्यालाही ते पटले होते. पण साळू काय मागणार याचा वास लांडग्याला आधीच लागला होता. त्याच दिवशी सकाळी तो कोल्ह्याच्या गुहेत येऊन गेला होता. "पंच, तुमच्यासाठी रोज टोपली भरून निखारे आणत जाईन. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत लाल. तेवढं भट्टीकडे लक्ष असू द्या," एवढेच तो म्हणाला होता. कोल्ह्याने हो म्हटले नव्हते; पण लांडग्याने सोबत आणलेली पहिली टोपली परतही पाठवली नव्हती.

"कल्पना उत्तम आहे," कोल्हा घसा खाकरून म्हणाला, "पण घाई नको. एवढं धान्य एकदम ओतायचं म्हणजे जोखीम आहे. ऊन काही पळून जात नाही. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षीही तो हेच म्हणाला. तिसऱ्या वर्षी तर त्याने विचार करायला एक समिती नेमली. टोपली मात्र रोज येत राहिली.

त्या उन्हाळ्यात साळू त्याला उतारावर घेऊन गेली. जमिनीला कोल्ह्याच्या शेपटीएवढी रुंद भेग पडली होती. "झाडांची मुळं गेली," साळू म्हणाली, "माती आता कुणाच्या आधारानं उभी राहणार? खाली सशांची बिळं आहेत, पंच."

एकटा परतताना वाटेतच कोल्ह्याला सशीण भेटली. तिने विचारले, "दादा, सगळे भेगेबद्दल काहीबाही बोलतात. आम्ही बीळ हलवू का?"

भेग धोक्याची आहे म्हणावे, तर झाडतोड थांबवावी लागणार, भट्टी थंड होणार. कोल्हा म्हणाला, "उन्हाळ्यात जमीन भेगाळतेच. खुशाल राहा."

श्रावणात सलग चार दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी दुपारी अख्खा उतार सुटला. माती, दगड, तोडलेल्या झाडांचे बुंधे धडधडत खाली आले. झऱ्याचे तोंड बुजले, सशांचे बीळ गाडले गेले. साळू, मुंगूस आणि रानडुकरे यांनी उकरून उकरून सशांना बाहेर काढले. पिल्ले वाचली, पण त्यांच्या बापाचा मागचा पाय दगडाखाली चिरडला होता.

कोल्हा धावत तिथे पोचला. आता सशीण आपल्यावर तुटून पडणार, असे त्याला वाटले. पण ती चिखलाने माखलेले पंजे जोडून म्हणाली, "दादा, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला खरं कळलं असतं, तर तुम्ही स्वतः येऊन आम्हाला हलवलं असतंत. मी यांना तेच सांगत होते."

शिव्या त्याने सोसल्या असत्या. हा विश्वास मात्र सोसवेना. त्याचे कान आपोआप खाली पडले. साळू शेजारीच उभी होती. भेग तिनेच त्याला दाखवली होती. ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे कोल्ह्याला वाटले. आणि लगेच आठवले, की दुभंगलेली धरणी त्याने पाहिली होती आणि लपवली होती.

तीन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. चौथ्या दिवशी त्याने सभा बोलावली. नेहमीच्या उंच दगडावर न चढता तो खालीच उभा राहिला.

"भेग मी पाहिली होती," तो म्हणाला. "साळूमावशींनी दाखवली होती. तरी मी सशिणीला राहा म्हणालो. भट्टीवरून मला रोज निखारे येत होते, म्हणून. तीन वर्षं तुमचं घर मी त्या निखाऱ्यांपायी अडवून ठेवलं."

सशीण उठली, पिल्लांना घेऊन सभेच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"मला पंचपदावरून काढा," कोल्हा कसाबसा म्हणाला.

"ते तर काढूच," साळू म्हणाली, "पण पद सोडलं की सुटलो, असं समजू नका. उद्या सकाळी कातळाशी या. दगड जड आहेत." मग ती लांडग्याकडे वळली. "तुम्हीही या, लांडगेभाऊ. पोट तुम्हालाही आहे. भट्टीऐवजी भिंतीचं काम करा. धान्य तेवढंच मिळेल." लांडगा मान खाली घालून पुटपुटला, "येईन."

काम सुरू झाले. कोल्ह्याच्या खांद्यावरचे केस झडले, पंजे सोलवटले. वाटेत सशीण समोर आली की तो दगड घेऊन बाजूला होई आणि ती पुढे जाईपर्यंत तसाच उभा राही. पौषात घर उभे राहिले. संध्याकाळी एकेक करत सगळे रान आत गेले. कोल्हा तेवढा बाहेर राहिला. आत जायला त्याला तोंड नव्हते.

थोड्या वेळाने सशीण दाराशी आली. "आत या," ती म्हणाली. "दार उघडं राहिलंय, पिल्लं काकडतायत."

कोल्हा आत आला. त्याने हळूच दार लोटले आणि तिथेच बसू लागला. पलीकडे बसलेल्या सशाने आपला लंगडा पाय जवळ ओढून घेतला आणि भिंतीलगत त्याला जागा करून दिली. भिंत छान उबदार होती. कोल्ह्याने तिला पाठ टेकवली. पण त्या संध्याकाळी त्याला मान काही वर करता आली नाही.

तात्पर्य : ज्याच्या शब्दावर सगळे विसंबून असतात, त्याने स्वतःच्या उबेसाठी हिताचे काम लांबणीवर टाकू नये आणि धोका झाकू नये. त्याचे फळ दुसऱ्यालाच भोगावे लागते. आणि मागून वाटणारी लाज कबुलीने हलकी झाली, तरी पुसली जात नाही.