चिरलेली नळी

"...मग माझ्या सांगण्यात उणं काय राहिलं, सर?"

रेवतीनं नाबर सरांना विचारलं.

रेवती त्यांचीच विद्यार्थिनी. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, शाळाशाळांतून प्रयोग दाखवत फिरणारी. आज ती सरांच्याच सुट्टीतल्या शिबिरात आली होती. नववी-दहावीच्या तीस मुलांसमोर तिनं तांब्याच्या नळीतून चुंबक सोडला. तो रमतगमत खाली कसा येतो ते दाखवलं, पडत्या चुंबकामुळे नळीत वीज फिरते आणि तीच त्याला अडवते, हे कारणही फळ्यावर सुरेख मांडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, सगळं वहीत उतरवून घेतलं.

"प्रश्न किती आले?" सरांनी विचारलं.

"एकही नाही. सगळं कळलं त्यांना."

"हं..."

सर उठले. नळी आणि चुंबक त्यांनी पहिल्या बाकावरच्या दुर्वाच्या हातात ठेवले.

दुर्वानं चुंबक सोडून नळीला डोळा लावला.

"अगं बाई, अडकला! ...नाही, येतोय!"

झालं! बाकं रिकामी झाली. जो तो नळीवर तुटून पडला. कुणी चुंबकाऐवजी खिळा टाकला, कुणी प्लास्टिकची नळी शोधून आणली.

"ताई, नळी उभी चिरली तर?" दुर्वानं विचारलं.

"तर चुंबक धाडकन पडेल. चीर पडली की नळीतल्या विजेला गोल फिरायला वाटच उरत नाही."

"करून बघितलंय तुम्ही?"

रेवतीनं करवत मागवली. अर्धा तास सगळ्यांनी आळीपाळीनं नळी चिरली. कुणाचा हात भरून आला, कुणाच्या तळव्याला फोड आला. शेवटी दुर्वानं चुंबक सोडला.

तो धाडकन पडला नाही. मघापेक्षा भरभर आला, पण रेंगाळतच आला.

"ताई, तुमचं चुकलं!" एकच कल्ला उठला.

रेवतीचे कान तापले. पण क्षणभरच. ओढणी कमरेला खोचून ती घोळक्यात घुसली.

"पुन्हा सोड! थांब, नळी तिरकी धर... आता चीर खाली कर! बघ, बघ, बघ!"

छाती धडधडत होती. शाळेत असताना अशी धडधडायची. नळीला डोळा लावून ती किती वेळ वाकून होती, तिचं तिलाच कळलं नाही.

एकाएकी ती भानावर आली.

"सर, आता मी यांना सांगू तरी काय?"

नाबर सर घोळक्यामागे टाचा उंचावून उभे होते.

"डोकं जरा बाजूला घे," ते म्हणाले. "दिसत नाहीये."