जुनेर नेसलेली न्यायाधीश

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

एका राज्याला रेशमाचं वेड लागलं. राजाने नेसलं म्हणून प्रधानाने नेसलं, प्रधानाने नेसलं म्हणून सगळ्यांनी. विणकरांनी सुती माग मोडले. नवं सुती लुगडं औषधालाही मिळेना.

त्या राज्यात तेल्याची एक मुलगी होती. रेशमाचे कोश आतल्या जिवंत किड्यांसकट उकळतात, हे तिने एकदा पाहिलं आणि त्या दिवसापासून रेशीम अंगाला लावलं नाही. लोकर नाही, कातडं नाही. वहाणासुद्धा वाखाच्या, घायपाताच्या दोरांनी विणलेल्या. बोहारणीच्या गाठोड्यातून ती तेलाच्या बदल्यात जुनी सुती लुगडी निवडायची. काठाचा धागा ओढून पणतीवर धरायची. जळक्या केसांचा वास आला की तो धागा रेशमी, आणि लुगडं परत गाठोड्यात.

बोहारीण म्हणायची, "बाई, ही घोंगडी तरी घे. जुनीच आहे. मेंढी कधीच मेली."

"मी पांघरली की शेजारीण नवी मागेल," मुलगी म्हणायची.

आई चिडायची. "लोकांनी टाकलेलं नेसतेस. आम्ही मेलो का?"

"तुम्ही नाही, आई. किडे मेले."

"जुनेरातल्या मुलीला कोण करून घेणार?"

"ज्याला मुलगी हवी असेल तो. लुगडं हवं असेल त्याने दुकानात जावं."

मग एक दिवस राजाने दवंडी पिटली. रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला कमी पडतो, म्हणून गायरान नांगरून तिथे तुती लावायची. ते ऐकून राज्यातले सगळे बैल गायरानात जाऊन बसले. नांगर थांबले, गाड्या थांबल्या. तेल्याचा घाणा थांबला आणि मुलीच्या घरची चूलही थंडावली.

शेवटी राजाच गायरानात आला. सगळ्यात म्हातारा बैल म्हणाला, "न्याय होऊ द्या. जो निकाल लागेल तो तुम्हालाही मान्य, आम्हालाही. पण न्याय करणाऱ्याच्या अंगावर कुठल्याच मुक्या जिवाचं काही नको."

"एवढंच ना," प्रधान म्हणाला. त्याने रेशमी पगडी उतरवली, कातडी जोडे काढले.

"कानात मोत्याची भिकबाळी आहे. तो मोती शिंपल्यातल्या जिवाचा," बैल म्हणाला. भिकबाळी गेली. पाठोपाठ रेशमी काठाचं धोतरही गेलं. लंगोटीवर उभ्या प्रधानाला बैलाने हुंगलं. "कमरेचा करगोटा रेशमी आहे."

"तो लहानपणापासून आहे."

"मग लहानपणापासून चूक आहे."

राज्यातले सगळे जाणते पुढे आले आणि कपडे सावरत मागे गेले. मग तेल्याची मुलगी पुढे झाली.

"ही? हिच्याकडे धड स्वतःचं लुगडंही नाही," राजपुरोहित म्हणाला.

"काका, तुमचं सुटतंय. आधी ते धरा," मुलगी म्हणाली.

बैल तिला हुंगू लागला. आपल्याही अंगावर काही निघालं तर न्याय करायला कुणीच उरणार नाही, गायरान जाणार आणि घाणा बंदच राहणार, हे तिला कळत होतं. पदरापाशी बैल थांबला.

"इथे वास येतोय."

"तिळाच्या तेलाचा," ती म्हणाली.

"तो घाणा आमच्यातलाच एकजण ओढतो."

"मग त्यालाच विचारा, पेंड वेळेवर मिळते का."

मागून घाण्याचा बैल म्हणाला, "मिळते. शिव्याही मिळतात. पण पेंड आधी मिळते."

म्हातारा बैल बाजूला झाला. मुलगी उंचवट्यावर जाऊन बसली.

"गायरान चरण्यासाठीच राहील," ती म्हणाली. "तुती लागणार नाही. बैल उद्यापासून कामाला उभे राहतील. विणकरांनी सुती माग पुन्हा लावावेत. तोवर कुणी उघडं राहणार नाही, बोहारणीकडे जुन्या सुती लुगड्यांचा ढीग पडलाय."

बैल उठले. नांगर-गाड्या पुन्हा चालणार म्हणून राजा खूश झाला आणि त्याने रिवाजाप्रमाणे तिच्या सन्मानासाठी रेशमी काठाची लोकरीची शाल मागवली.

मुलगी मागे सरकली. "महाराज, ही अंगावर घेतली तर इथे पुन्हा बसायचा माझा हक्क जाईल."

राजाने शाल घडी करून बाजूला ठेवली, जोडे काढले आणि अनवाणी उभं राहून मुलीला नमस्कार केला. त्या दिवसापासून राज्यातले खटले त्याच उंचवट्यावर चालले, आणि निकाल तिनेच दिले. जाणते खाली बसून ऐकत.

गर्दीत एका बाईने विचारलं, "हिचं ते लुगडं कुठलं हो?"

शेजारी तेलीण उभी होती. "बोहारणीकडचं," ती मोठ्याने म्हणाली. "निवडायला नजर लागते. माझी मुलगी आहे ती."

बोध : कुणाचा जीव न घेता अंगावर आलेलं जुनेरसुद्धा माणसाची मान ताठ ठेवतं.